अंतर्यामींचें राज्य

(वाचन: लूक १७:२०-२१, रोम. १४:१३-१९)



प्रत्येक आदितवारीं उपासनेच्या वेळीं आपण प्रभूनें शिकविलेली प्रार्थना म्हणतों. तींत पहिली विनंती देवाच्या नांवाविषयीं आहे आणि दुसरी त्याच्या राज्याविषयीं. लहान मुलांनाहि ती तोंडपाठ असते. परंतु तें राज्य कोणत्या वेशींतून आंत यावयाचें, आणि आलें म्हणजे तें कशावरून ओळखावयाचें, असें कोणी आपणांस थांबवून विचारिलें, तर आपल्यापैकीं किती जणांस उत्तर देतां येईल? कोणी म्हणेल, तें मरणानंतर स्वर्गांत आहे. कोणी म्हणेल, प्रभु मेघांवर बसून येईल तेव्हां तें येईल. कोणी उपासनामंदिराकडे बोट दाखवील. यांपैकीं कोणतेंहि उत्तर सर्वस्वीं खोटें नाहीं. तथापि प्रभूनें स्वतः या प्रश्नाचें जें उत्तर दिलें तें यांहून जवळचें आहे, इतकें जवळचें कीं त्यामुळेंच तें आपल्या नजरेंतून निसटतें.

प्रश्न विचारणारे परुशी होते, आणि तो पोकळ कुतूहलाचा प्रश्न नव्हता. त्यांच्या देशावर रोमी बादशहाचा अंमल होता. रोमी शिपाई त्यांच्या रस्त्यांवरून फिरत, रोमी कर त्यांच्या घरांतून वसूल होई, आणि कैसराचा मुखवटा असलेलें नाणें त्यांच्या कनवटीस असे. संदेष्ट्यांच्या द्वारें मिळालेलीं देवाचीं वचनें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या उराशीं धरिलीं होतीं. इ.स. ६ च्या सुमारास नांवनिशी झाली, त्या वेळीं गालीलकर यहूदा उठला व लोक त्याच्या मागें गेले. थुदास नांवाचा दुसरा एक जण उठला, त्यास सुमारें चारशें माणसें मिळालीं. दोघांचाहि नाश झाला आणि त्यांचे अनुयायी पांगले. ही हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या पांचव्या अध्यायांत गमालियेल नांवाच्या एका परुश्यानेंच सभेपुढें सांगितली आहे. तेव्हां राज्य केव्हां येणार असें विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें तलवार, निशाण आणि सिंहासन हींच होतीं, यांत नवल नाहीं.

प्रभूनें त्यांस सांगितलें कीं, टक लावून बसल्यानें दिसावें अशा रीतीनें देवाचें राज्य येत नसतें. मूळ ग्रीक भाषेंत येथें जो शब्द आहे, तो ज्योतिषी तारे न्याहाळतो किंवा वैद्य रोग्याचीं लक्षणें न्याहाळतो, तशा प्रकारच्या न्याहाळण्याविषयीं योजीत असत. आमच्या शेतकरी बंधूंस हें लवकर समजेल. मृग लागला कीं सारा गांव आभाळाकडे डोळे लावतो. कोणी वाऱ्याची दिशा पाहतो, कोणी पावशाची हांक ऐकतो, कोणी पंचांगांत नक्षत्राचें वाहन शोधतो. पावसाच्या बाबतींत आभाळाकडे पाहणें हें योग्यच आहे, कारण पाऊस वरून आणि बाहेरून येतो. परंतु ज्या राज्याविषयीं परुश्यांनीं विचारिलें, तें अमक्या डोंगरावर किंवा तमक्या नगरांत आहे असें बोटानें दाखवितां येत नाहीं. तें त्यांच्याच ठायीं आहे, असें प्रभूनें त्यांस सांगितलें.

येथें आपल्या मराठींतील 'मध्यें' हा साधा शब्द मोठ्या उपयोगाचा आहे. 'गांवामध्यें विहीर आहे' असें आपण म्हणतों, तेव्हां ती विहीर घरांच्या मधोमध असते. 'दुधामध्यें लोणी आहे' असें म्हणतों, तेव्हां तें लोणी दुधाच्या थेंबाथेंबांत भिनलेलें असतें. प्रभूच्या या बोलण्याचेहि असेच दोन अर्थ विद्वानांनीं केले आहेत. कित्येक म्हणतात, परुश्यांच्या कठीण अंतःकरणांत देवाचें राज्य कसें असूं शकेल? म्हणून 'तुमच्या घोळक्यांत, तुमच्यासमोर' असा अर्थ घ्यावा, कारण राजा स्वतः त्यांच्यापुढें उभा होता. दुसरे कित्येक मूळ शब्दाकडे लक्ष वेधतात. तो शब्द 'आंत' या अर्थाचा आहे, आणि नव्या करारांत तो आणखी एकाच ठिकाणीं आला आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायांत प्रभु परुश्यांस आधीं प्याल्याचा आंतला भाग स्वच्छ करावयास सांगतो, तेथें.

आम्हांस असें वाटतें कीं, पहिला अर्थ दुसऱ्या अर्थाचें दार उघडतो. राजा आधीं अंगणांत येतो, मग घरांत. परुश्यांच्या अंगणांत तो उभा होता, परंतु त्यांची दृष्टि दूर क्षितिजाकडे लागली होती, म्हणून दार उघडावयास कोणी उठला नाहीं. त्याच शुभवर्तमानांत दोनच अध्याय पुढें यरीहो नगरांतील जक्कयाची गोष्ट आहे. तो मुख्य जकातदार होता, आणि त्याच्या घराच्या आसपास देवाचें राज्य असेल असें यरीहोंतील कोणासहि वाटलें नसतें. परंतु प्रभु त्याच्या घरीं उतरला, आणि त्याच दिवशीं जक्कयानें उभें राहून अर्धें द्रव्य गरिबांस देण्याचें व अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याचें कबूल केलें. रोमी शिपाई तसेच फिरत होते, कैसराचें नाणें तसेंच चालत होतें, तरी एका घरांत राज्य बदललें होतें. परुश्यांनीं जें क्षितिजावर शोधिलें, तें जकातदाराच्या माजघरांत सांपडलें.

खेड्यांत सुवार्ता सांगणाऱ्या उपदेशक बंधूंस व बायबलबाईंस याविषयीं एक गोष्ट वारंवार ऐकावी लागते. शेजारी म्हणतो, "देव अंतर्यामीं आहे हें आम्ही पूर्वींपासून म्हणतोंच, मग तुम्ही नवें तें काय सांगतां?" त्याचें उत्तर तुच्छतेनें देऊं नये, कारण देवास आंत शोधणाऱ्या मनुष्याची तहान खरी असते. नम्रपणें इतकेंच सांगावें कीं, ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें देवाचें राज्य म्हणजे मनुष्याच्या अंतःकरणांत जन्मापासून पुरून ठेविलेलें धन नव्हे. मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें अंतःकरणांतून काय काय निघतें त्याची यादी दिली आहे. तींत वाईट विचार, चोरी, खून, लोभ, कपट, गर्व हीं आहेत. म्हणजे आंतलें घर रिकामें नाहीं. तेथें दुसराच कोणी धनी होऊन बसला आहे. त्यास काढून खरा मालक आंत यावा, ही आमची वार्ता. आपण राजास निर्माण करीत नाहीं, आणि ध्यानानें त्यास जागेंहि करीत नाहीं. तो आपण होऊन दाराशीं येतो व हांक मारितो. दार उघडण्याचें काम मात्र त्यानें आपणांवर सोंपविलें आहे.

आतां राज्य म्हणजे काय, याचा विचार करूं. ज्याचा हुकूम चालतो त्याचें राज्य. प्रभूच्या प्रार्थनेंतच याचा खुलासा आहे, कारण राज्याच्या विनंतीला लागूनच देवाच्या इच्छेप्रमाणें होण्याविषयींची विनंती आहे. जेथें त्याची इच्छा चालते तेथें त्याचें राज्य आहे. म्हणून 'देवाचें राज्य माझ्या अंतर्यामीं आहे' याचा अर्थ 'मला उपासनेंत गोड वाटतें' एवढाच नाहीं. गोड वाटणें येतें आणि जातें. राग आला असतां, पैसा समोर असतां, कोणी पाहत नसतां, माझ्या आंत कोणाचा हुकूम चालतो, हा खरा प्रश्न आहे.

या ठिकाणीं मराठवाड्याच्या इतिहासांतील एक गोष्ट आपल्या उपयोगीं पडेल. इ.स. १९४८ च्या सप्टेंबर महिन्याच्या १७ व्या तारखेस हैदराबादच्या निजामानें शरणागति पत्करिली आणि त्याची सत्ता संपली. बीड, परभणी, नांदेड इकडील खेड्यांवरहि नवा अंमल आला. परंतु निजामाचा हाली शिक्का त्यानंतरहि कांहीं वर्षें बाजारांत चालत राहिला. राज्य गेलें होतें, तरी त्या राज्याचें नाणें लोकांच्या गांठीस होतें, आणि देणारा देई, घेणारा घेई, म्हणून तें चाले. पुढें तें बंद झालें, आणि सर्व व्यवहार एकाच नाण्यांत होऊं लागला.

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांची स्थिति पुष्कळ ठिकाणीं अशीच आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशीं आपण जुन्या धन्याचा अंमल संपल्याचें सर्वांसमक्ष जाहीर केलें. परंतु त्याचें नाणें अद्याप आपल्या कनवटीस आहे, आणि आपण तें एकमेकांत चालवीत आहों. ख्रिस्ती घरीं सोयरीक ठरविण्याची वेळ आली कीं, मुलीची भक्ति कशी, मुलाचें वर्तन कसें, हें विचारण्याआधीं कित्येक जण हळूच विचारितात, "हे मूळचे कोण?" हा जुना शिक्का आहे. शेजाऱ्यानें दहा वर्षांपूर्वीं बांध कोरला, म्हणून त्याच्या घरच्या मयतीसहि जावयाचें नाहीं, असा निश्चय केलेला मनुष्य आदितवारीं प्रभुभोजनास बसतो. हाहि जुना शिक्का. घरांत मूल आजारी पडलें कीं प्रार्थना करावयाची, आणि मागल्या दारानें ताईत बांधून आणावयाचा. देणगी देतांना चार माणसें पाहत आहेत ना हें पाहावयाचें. बायकोवर हात उगारावयाचा, आणि ती पुरुषाची सत्ताच आहे असें म्हणावयाचें. हे सर्व त्या गेलेल्या राज्याचे रुपये आहेत. जोंवर देणारा देतो आणि घेणारा घेतो, तोंवर ते चालतील. ज्या दिवशीं मंडळींतील एक मनुष्य उठून म्हणेल, "हें नाणें मी घेणार नाहीं आणि देणारहि नाहीं," त्या दिवशीं तें त्याच्या घरापुरतें बंद होईल.

बाहेरचा प्रवेश आणि आंतलें राज्य यांमधील अंतर किती खरें असतें, हें आपल्याच महाराष्ट्रांतील एका थोर बाईच्या चरित्रावरून दिसतें. पंडिता रमाबाई यांचा जन्म इ.स. १८५८ त झाला. संस्कृत विद्येंत त्यांची बरोबरी करणारी स्त्री त्या काळीं विरळा. इ.स. १८८३ त इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्म सत्य आहे हें त्यांच्या बुद्धीस पटलें होतें, आणि विधवांच्या सेवेसाठीं इ.स. १८८९ त त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलेंहि होतें. तरी त्यांनींच आपल्या साक्षींत लिहून ठेविलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं आपणांस धर्म सांपडला आहे, पण ख्रिस्त सांपडलेला नाहीं. हॅसलम नांवाच्या एका इंग्रज पाळकाच्या आत्मवृत्ताचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. तो पाळक दीक्षा घेऊन उपदेश करूं लागला होता, आणि त्याचें स्वतःचें अंतःकरण मात्र पुढें पालटलें. तें वाचून रमाबाई आपल्या स्थितीचा विचार करूं लागल्या, आणि शेवटीं आपली विद्या, आपलें चांगलें काम, आपलें नांव, हें सर्व खालीं ठेवून त्यांनीं आपणांस केवळ प्रभूच्या दयेवर सोंपविलें.

त्यानंतर काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. आंत राजा आला म्हणून रमाबाई कोपऱ्यांत डोळे मिटून बसल्या नाहींत. इ.स. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली व विधवा स्त्रिया घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें मुक्ति मिशनचीं घरें उभीं राहिलीं. पुढें इ.स. १९०० च्या दुष्काळांत आणखी शेंकडों जणींस तेथें आसरा मिळाला. त्यांच्यासाठीं विहिरी खणल्या गेल्या, शेत पिकविलें गेलें, छापखाना चालला. खेड्यांतल्या साध्या बाईस समजावें म्हणून इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम त्या इ.स. १९२२ त मरण येईपर्यंत करीत होत्या. अंतर्यामींचें राज्य असें असतें. तें आंत येतें, आणि मग चुलीपर्यंत, विहिरीपर्यंत, परक्याच्या लेकरापर्यंत जाऊन पोंचतें.

मग आपल्या आंत तें आहे कीं नाहीं, याची पारख कशी करावी? पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवदाव्या अध्यायांत ती सांगितली आहे. रोम येथील मंडळींत जेवणावरून वाद पडला होता. कोणी सर्व कांहीं खात, कोणी भाजीपालाच खात. कोणी अमुक दिवस पाळीत, कोणी पाळीत नसत. आणि दोन्ही पक्ष एकमेकांस दोष लावीत. पौल त्यांस सांगतो कीं, देवाचें राज्य ताटांत काय आहे यावर अवलंबून नसतें. नीतिमत्त्व, शांति आणि पवित्र आत्म्यानें मिळणारा आनंद या तीन खुणांवरून तें ओळखावें. पंगत कोणाची आणि पान कोणाचें, यावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत ज्या देशांत इतकीं शतकें चालली, त्या देशांतील मंडळीनें हें वचन दारावर लिहून ठेवावें इतकें तें मोलाचें आहे.

पहिली खूण नीतिमत्त्व. राजा आंत असला तर तराजू सरळ राहतो. दूध विकणाऱ्या बहिणीच्या दुधांत पाणी नसतें. मजुराची मजुरी बाजाराच्या दिवसापूर्वीं त्याच्या हातीं पडते. घेतलेलें कर्ज आठवणीनें फेडिलें जातें, आणि शेजाऱ्याहून मोठा मांडव घालण्यासाठीं नवें काढिलें जात नाहीं. निवडणुकीच्या वेळीं आपलें मत विकावयास मनुष्य तयार होत नाहीं. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु जक्कयाच्या घरीं राज्य आल्याचें पहिलें चिन्ह हिशेबाच्याच बाबतींत दिसलें, हें विसरूं नये.

दुसरी खूण शांति. प्रभूनें परुश्यांशीं बोलतांना 'तुमच्या' असें अनेकवचन योजिलें आहे. म्हणून राज्य एकेकाच्या अंतःकरणांत येतें, तसेंच तें मंडळीच्या मध्यभागींहि यावयाचें असतें. दहा घरांची मंडळी आणि तींत तीन तट, अशी स्थिति जेथें आहे, तेथें प्रत्येक तट म्हणतो कीं राजा आमच्या बाजूचा आहे. परंतु राजास बाजू नसते, त्यास प्रजा असते. दोन भावांनीं एकमेकांशीं बोलणें टाकिलें असेल, तर त्यांपैकीं ज्याच्या अंतर्यामीं राज्य आहे त्यानें आधीं उठावें. अपराध कोणाचा मोठा याचा निवाडा होईपर्यंत वाट पाहूं नये. असें जाऊन दुसऱ्याच्या दाराशीं उभें राहणें फार जड असतें, हें आम्ही जाणतों. तें जड आहे म्हणूनच त्यावरून आंत कोणाचा हुकूम चालतो हें कळतें.

तिसरी खूण आनंद. याविषयीं आमच्या गरीब बंधुभगिनींस विशेष सांगावेंसें वाटतें. घरांत धान्य थोडें, अंगावर दुखणें, मुलांस काम नाहीं, अशा वेळीं आनंद कोठून आणावा? रब्बीच्या शाळूकडे पाहा. काळ्या जमिनींत त्याची पेरणी होते तेव्हां पावसाळा सरत आलेला असतो. मग कार्तिक जातो, मार्गशीर्ष जातो, वर आभाळ कोरडें असतें, तरी ताटें वाढतात, निसवतात, आणि कणसांत दाणा भरतो. तो कशावर? जमिनीच्या पोटांत मुरलेल्या ओलीवर. वरून पाहणाऱ्यास ती ओल दिसत नाहीं, परंतु मुळांस ती सांपडलेली असते. पवित्र आत्म्याचा आनंद असाच असतो. कोरड्या दिवसांत तो मनुष्यास उभा ठेवितो. आणि शेतकऱ्यास हेंहि ठाऊक आहे कीं, काळ्या जमिनीस भेगा पडूं लागल्या म्हणजे त्यांतून ओल उडून जाते, म्हणून कोळपणी करून त्या भेगा बुजवाव्या लागतात. रोजची प्रार्थना, शास्त्राचें वाचन आणि झालेल्या पापाची त्याच दिवशीं मागितलेली क्षमा, ही आपली कोळपणी होय. ती टाकिली तर भर पिकांतहि जमीन कोरडी पडते.

आतां एक शब्द आमच्या उपदेशक बंधूंस. ज्यांच्यावर मंडळीचें काम सोंपविलेलें असतें त्यांस परुश्यांचीच परीक्षा येते. किती बाप्तिस्मे झाले, वर्गणी किती जमली, सभेस किती माणसें आलीं, हें मोजावें लागतें, आणि तें मोजणें वाईट नाहीं. परंतु रोज आंकडे न्याहाळतां न्याहाळतां मनुष्य हेंच राज्य असें समजूं लागतो. मग आंकडा वाढला कीं तो फुगतो, आणि कमी झाला कीं खचतो. मार्काच्या चवथ्या अध्यायांतील बीं टाकणारा मनुष्य आठवा. तो रात्रीं निजतो, दिवसा उठतो, आणि बीं कसें वाढतें हें त्यास कळतहि नाहीं. ज्या म्हातारीस वाचतां येत नाहीं, जी सभेंत मागें बसते, तिच्या अंतःकरणांत तुमच्या एका वाक्यानें काय रुजलें, हें कोणत्याहि अहवालांत येणार नाहीं. राजास तें ठाऊक आहे. आणि दुसऱ्यांस राज्याविषयीं सांगणाऱ्यानें, हॅसलमची गोष्ट ध्यानांत ठेवून, आपल्या घरांत राजा आला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

कोणी या शिकवणीचा उलट उपयोग करितील, त्यांसहि सांगणें प्राप्त आहे. "राज्य माझ्या आंत आहे, मग मला मंडळी कशाला, उपासना कशाला, सेवा कशाला?" असें म्हणणारा मनुष्य दिव्यास मापाखालीं झांकतो. विरजण दुधांत मिसळल्याशिवाय दहीं होत नाहीं. प्रभूनें स्त्रीनें पिठांत मिसळलेल्या खमिराचा दाखला दिला, तो याच कारणानें. तसेंच कोणी असेंहि समजूं नये कीं, राज्य आंत आहे म्हणून प्रभूचें दृश्य रीतीनें येणें नाहीं. त्याच सतराव्या अध्यायांत पुढें, परुश्यांशीं बोलणें संपल्यावर, प्रभु शिष्यांस सांगतो कीं, वीज आकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चमकते तसा मनुष्याचा पुत्र आपल्या दिवशीं प्रगट होईल. त्या दिवशीं न्याहाळण्याची गरज राहणार नाहीं. सर्व जगास तो दिसेल. परंतु ज्यांनीं त्यास आज आंत घेतलें आहे त्यांस तो त्या दिवशीं परका वाटणार नाहीं. यरुशलेमेंतील जे पुढारी राजाची वाट पाहत होते, त्यांनींच तो आला असतां त्यास नगराबाहेर नेवविलें. इ.स. ७० त रोमी सैन्यानें तें नगर व तें मंदिर उध्वस्त केलें. दगडांचें राज्य गेलें. परंतु त्याच नगरांत एका माडीवर जमलेल्या थोड्या साध्या माणसांच्या अंतर्यामीं जें राज्य आलें होतें, त्यास कोणत्याहि सैन्याला हात लावितां आला नाहीं. तें तेथून निघून शतकांमागून शतकें ओलांडीत आपल्या खेड्यांपर्यंत येऊन पोंचलें आहे.

तें आपल्या वेशीपाशीं थांबूं नये, आंत यावें, अशी इच्छा असेल तर या आठवड्यांत रोज रात्रीं निजण्यापूर्वीं तीन प्रश्न आपणांस विचारा. आज माझ्या हातून कोणाचें कांहीं अन्यायानें राहिलें आहे काय? आज कोणाशीं मी बोलणें टाकिलें आहे काय? आज कोरड्या दिवसांतहि मीं देवाचे उपकार मानिले काय? उत्तर जें येईल तें राजासमोर ठेवा. त्याच्या अंमलांत जुनें नाणें आणून टाकणाऱ्यास शिक्षा नाहीं, क्षमा आहे. परंतु तें मुठींत दाबून ठेवणाऱ्याचा हात रिकामा होत नाहीं, आणि मूठ उघडल्याशिवाय त्याला कांहीं घेतांहि येत नाहीं.

हे प्रभु, तूं आमच्या अंगणांत आला आहेस, आणि आम्ही दूर पाहत राहिलों आहों. आमचीं दारें उघडण्यास आम्हांस बळ दे. आमच्या घरांत, आमच्या व्यवहारांत, आमच्या मंडळीच्या भांडणांत, तुझाच हुकूम चालूं दे. जुन्या धन्याचें जें जें आम्ही लपवून ठेविलें आहे तें आज तुझ्या पायांपाशीं आणून टाकावयास लाव, आणि कोरड्या दिवसांत आम्हांस आंतून ओला ठेव. आमेन.